बारा हजारांचं पाकीट आणि रात्री दोनचा डबा

प्रश्न : नमस्कार. मी नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. वय ३६. महिन्यातले दोन आठवडे नाइट, रात्री आठ ते सकाळी आठ. गेलं वर्षभर पोट बिघडलंय. कधी दोन-दोन दिवस साफ होत नाही, कधी नुसतं फुगतं, ॲसिडिटी तर रोजचीच. त्याहून वाईट म्हणजे डोकं चालत नाही. ओळखीच्यांची नावं आठवत नाहीत, घरी आल्यावर क्षुल्लक गोष्टीवरून मुलावर ओरडते आणि मग मलाच रडू येतं. परवा शिरेतून औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपाचा रेट चुकीचा टाकणार होते, ज्युनिअरने वेळीच पाहिलं म्हणून बरं. माझ्या वडिलांना पार्किन्सन आहे, त्यामुळे मनात सारखी पाल चुकचुकते. मिस्टरांनी वाचलं की आतड्यातले जिवाणू मेंदूचं घड्याळ सांभाळतात, असं आयर्लंडच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय. तेव्हापासून ते एका कंपनीचं पाकीट मागवायचं म्हणताहेत. शौचाचा नमुना पाठवायचा, मग रिपोर्ट आणि तीन महिन्यांच्या प्रोबायोटिक कॅप्सूल, सगळे मिळून बारा हजार. घ्यावं का? हे संशोधन खरं आहे का? की सरळ नोकरीच सोडू? नाइटला माझं असं असतं : दोन वाजता डबा (पोळी-भाजी, भात), चारला चहा-खारी, सकाळी घरी पोहे, दहाला झोप. दीडला मुलाची व्हॅन येते तेव्हा उठते.
– एक सिस्टर, नाशिक

सिस्टर,

पाकीट घेऊ नका. संशोधन खरं आहे, पण ते पाकीट त्या संशोधनातून निघालेलं नाही, नुसतं त्याच्या नावावर विकलं जातंय. नोकरी सोडण्याचा विचारही इतक्यात नको. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता शेवटी लिहिली आहे : दहाला झोप, दीडला व्हॅन. बारा तास आयसीयू सांभाळायचं आणि साडेतीन तास झोपायचं, हे महिन्यातले दोन आठवडे. त्यावर बोलायचंच आहे, पण मिस्टरांची समजूत काढायची तर आधी आयर्लंडला जाऊन यावं लागेल.

त्यांनी वाचलेली बातमी बहुधा कॉर्क शहरातली आहे. तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कमध्ये एपीसी मायक्रोबायोम आयर्लंड नावाचं संशोधन केंद्र आहे आणि आतड्यातले जिवाणू व मेंदू यांच्या नात्यावर जॉन क्रायन तिथे कित्येक वर्षं काम करताहेत. २०२४च्या नोव्हेंबरात ‘सेल मेटाबॉलिझम’ या नियतकालिकात त्यांच्या गटाचा एक शोधनिबंध आला. गॅब्रिएल तोफानी, जेरार्ड क्लार्क ही त्यातली आणखी दोन नावं. त्यांनी उंदरांच्या आतड्यातले जिवाणू अँटिबायोटिक्स देऊन जवळपास संपवले, शिवाय जन्मापासून जंतुविरहित वाढवलेले उंदीरही तपासले. मग दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी त्यांच्या मेंदूत आणि रक्तात काय चाललंय ते पाहिलं. ताणाला तोंड देणारी जी यंत्रणा आहे, म्हणजे मेंदूतले हायपोथॅलॅमस व पिट्युटरी आणि मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी ही साखळी, तिची रोजची लय बिघडलेली दिसली. तीही दिवसभर सारखी नाही. झोपेतून जागं होण्याच्या सुमाराला ही यंत्रणा गरजेपेक्षा जास्त चेतलेली होती. (उंदीर निशाचर, त्यामुळे त्यांची सकाळ आपल्या संध्याकाळी होते. त्यांच्यावरचे प्रयोग वाचताना घड्याळ नेहमी उलटं धरावं लागतं.)

हे तुमच्या कामाचं का, ते सांगते. आपल्यात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, पहाटे चढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळ गाठतं. तुम्ही हे जीएनएमला किंवा बीएस्सीला शिकलाच असाल. नाइटला ते तळाशी असताना तुम्ही व्हेंटिलेटरच्या अलार्मकडे धावता आणि ते वर असताना पडदे ओढून झोपायला जाता. घरी आल्यावर जो भडका उडतो त्याला स्वभाव म्हणून स्वतःला दोष देत असाल तर ते आधी थांबवा.

कॉर्कच्या गटाला आणखी एक गोष्ट सापडली. लॅक्टोबॅसिलसच्या कुळातला रॉयटेरी नावाचा जिवाणू, ज्याचं प्रमाण दिवसाच्या वेळेप्रमाणे कमीजास्त होतं, तो उंदरांमध्ये या ताणाच्या हार्मोनवर परिणाम करू शकतो. झालं, कॅप्सूल विकणाऱ्यांना एवढं पुरतं. पण याच कॉर्कची आधीची एक गोष्ट ते सांगणार नाहीत. २०११ साली तिथल्या संशोधकांनी जेबी-१ नावाचा एक लॅक्टोबॅसिलस उंदरांना खाऊ घातला. उंदीर कमी घाबरट झाले, ताणाचं हार्मोन उतरलं आणि पोटाला मेंदूशी जोडणारा व्हेगस मज्जातंतू कापला तर हा सगळा परिणाम नाहीसा झाला. आतड्यातून मेंदूकडे निरोप जातो आणि तो व्हेगसवरून जातो, याचा इतका देखणा पुरावा तोवर क्वचितच मिळाला होता. मग तोच जिवाणू २९ निरोगी पुरुषांना दिला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. ताण, कॉर्टिसॉल, मूड, स्मरणशक्ती यांपैकी कशातही फरक नाही. आपलाच लाडका जिवाणू माणसात नापास झाला हे त्यांनी स्वतःच छापलं, म्हणून मला ही प्रयोगशाळा आवडते. उंदरांत जे दिसलं ते रॉयटेरी माणसांतही करतो, हे या प्रयोगाने दाखवलेलं नाही. तोवर त्याच्या नावावर बारा हजार रुपये का घालवायचे?

आता त्या शौचाच्या तपासणीबद्दल. २०१४ साली इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये एरान एलिनाव्ह यांच्या गटाने दाखवलं की आतड्यातल्या जिवाणूंचं प्रमाण आणि त्यांचं काम दिवसभरात भरती-ओहोटीसारखं बदलतं आणि ही लय खाण्याच्या वेळेवर चालते. ज्या उंदरांचं अंगातलं घड्याळच जनुक काढून बंद पाडलं होतं त्यांच्यात ही लय नव्हती; त्यांना ठरावीक वेळी खायला घातल्यावर ती पुन्हा आली. याच प्रयोगात अमेरिकेहून इस्रायलला विमानाने आलेली दोन माणसं होती. प्रवासाआधी, उतरल्यावर दुसऱ्या दिवशी आणि दोन आठवड्यांनी असे त्यांच्या शौचाचे नमुने घेतले. जेट लॅगमधला, म्हणजे उतरल्यानंतरचा, नमुना जंतुविरहित उंदरांत सोडला तर ते उंदीर लठ्ठ झाले, त्यांची साखर वाढली. दोन आठवड्यांनंतरच्या नमुन्याने तसं झालं नाही. माणसं दोनच होती, तेव्हा फार ताणायला नको. पण मुद्दा लक्षात घ्या. ज्या पाकिटात ‘नमुना किती वाजता घेतला, तुम्ही नाइटला होता की डेला’ हा साधा प्रश्नही नसेल (मिस्टरांना फॉर्म नीट बघायला सांगा), ते तुमच्या जिवाणूंबद्दल काय सांगणार? मंगळवारी नाइट संपवून दिलेला नमुना आणि ऑफच्या दिवशी सकाळी दिलेला नमुना, दोन वेगळी चित्रं निघू शकतात. हिमोग्लोबिनला असते तशी सर्वमान्य नॉर्मल रेंज या तपासणीला अजून नाही. रंगीत आलेख भरपूर येतात.

‘९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं’ हे वाक्यही त्या जाहिरातीत असणारच, कारण सेरोटोनिन हे मूडशी जोडलं जाणारं रसायन. वाक्य खरं आहे. फक्त ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मेंदू आपलं वेगळं बनवतो. आतड्यातल्या सेरोटोनिनचं काम मुख्यतः आतडं हलवण्याचं. तुमच्या बद्धकोष्ठाशी त्याचा संबंध असेल, रडण्याशी थेट नाही.

मग रात्री दोनच्या डब्याकडे येऊ, कारण माणसांवर झालेला आणि तुमच्या आयुष्याच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रयोग तिथे आहे. मेंदूत डोळ्यांच्या मागे, हायपोथॅलॅमसमध्ये, साधारण २० हजार पेशींचा एक पुंजका मुख्य घड्याळ सांभाळतो, तो उजेडावर चालतो. पण यकृत, स्वादुपिंड, आतडं यांचीही आपापली घड्याळं आहेत आणि ती बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळा पाहतात. तुम्ही रात्री दोनला भात खाता तेव्हा मुख्य घड्याळ रात्र म्हणतं आणि पोटाला दुपार झाल्यासारखं वाटतं. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलात फ्रँक शीर आणि सारा चेलप्पा यांनी १९ निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळीचं सोंग उभं केलं, मंद उजेड, उलटी झोप, सगळं. अर्ध्यांनी दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा खाल्लं, जसं रात्रपाळीवाले खातात. बाकीच्यांनी जागरण तेवढंच केलं, खाल्लं मात्र फक्त दिवसा. २०२१मध्ये साखरेचे निष्कर्ष आले. रात्री खाणाऱ्यांची साखर बिघडली, दिवसा खाणाऱ्यांची बिघडली नाही. २०२२मध्ये मनःस्थितीचे आले. रात्री खाणाऱ्या गटात उदासपणासारखी लक्षणं २६ टक्क्यांनी आणि चिंतेसारखी १६ टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा खाणाऱ्यांमध्ये ती वाढली नाहीत. झोप मोडलेली दोघांचीही होती, वेगळं होतं ते खाण्याचं वेळापत्रक.

१९ माणसं म्हणजे काही फार नाहीत, आणि ती माणसं प्रयोगशाळेत बसून होती. तुमच्यासारखी शंभर किलोच्या पेशंटला कूस बदलून देत नव्हती. म्हणून मी तुम्हाला रात्रभर निरंकार उपास करा असं सांगणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे आणि खर्च शून्य. ड्यूटीला निघण्याआधी, सात-सव्वासातला, पोटभर जेवून जा. दोनच्या डब्यातलं सगळं त्या ताटात आणा. बारा ते पाच शक्यतो पाणीच, फार तर एक चहा. पोटात कावळे ओरडायला लागले तर मूठभर फुटाणे, एखादं उकडलेलं अंडं, वाटीभर दही, एवढ्यावर भागवा. डबा उघडला की चार चमचे म्हणता म्हणता भाताचा पूर्ण कप्पा संपतो हे आपल्या दोघींनाही माहीत आहे, तेव्हा डबा नेऊच नका. चारचा चहा मागे, अडीच-तीनपर्यंत आणा. कॅफिनचा अर्धा भाग अंगातून जायला पाच-सहा तास लागतात, म्हणजे चारचा चहा तुम्ही झोपायला जाता तेव्हाही रक्तात फिरत असतो. खारी बंद. सकाळचे पोहे राहू देत, पण बशीभर. दिवसाचं मुख्य जेवण उठल्यावर. ॲसिडिटीला याने लवकर आराम पडेल असं मला वाटतं, कारण भरल्या पोटी आडवं होणं हे तिचं एक मोठं कारण आहे आणि सध्या तुम्ही रोज तेच करता. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, दिवस गेलेले असतील, तर मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि गरगरायला लागलं तर खा, सरळ. आयसीयूत उभी असलेली सिस्टर चक्कर येऊन पडली तर पेशंटचं काय?

सॅन दिएगोच्या अग्निशमन दलातही असाच एक प्रयोग झाला. तिथले जवान २४-२४ तास ड्यूटी करतात. सॉल्क इन्स्टिट्यूटचे सच्चिदानंद पांडा, मूळचे ओडिशाचे, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जवानांना बारा आठवडे रोजचं सगळं खाणं दहा तासांच्या आत बसवायला सांगितलं. भोंगा वाजला की अर्धं ताट सोडून पळणाऱ्या माणसांनाही ते जमलं, आणि ज्यांचा रक्तदाब किंवा साखर आधीपासून जास्त होती त्यांना फायदाही दिसला. तुमच्या ड्यूटीत दहा तास बसवणं कठीण, पण सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसात, असे अकरा तास नाइटलाही बसतात. ऑफच्या दिवशी त्याच वेळा पाळता येतात, त्यामुळे पोटाला निदान एक गोष्ट महिनाभर सारखी मिळते.

जिवाणूंना काय घालायचं, याचं उत्तर तुमच्या ओट्यावर आहे. स्टॅनफर्डमध्ये ३६ जणांवर एक प्रयोग झाला, २०२१ साली प्रसिद्ध झाला. दहा आठवडे दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता वाढली आणि दाह दाखवणारी रक्तातली काही प्रथिनं कमी झाली. कॉर्कमध्येच ४५ जणांपैकी साधारण निम्म्यांना चार आठवडे कांदा, कोबी, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं आणि आंबवलेले पदार्थ असा आहार दिला, तर त्यांना जाणवणारा ताण कमी झाला. ज्यांनी तो नेटाने पाळला त्यांचा जास्त. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कोबीची कोशिंबीर, ताक. परदेशी नावाचं यात काही आणायला नको. इडली-आंबोळी चांगलीच, पण तव्यावर आणि वाफेत जिवाणू मरतात, तेव्हा जिवंत जिवाणूंचा हिशेब दह्या-ताकाकडूनच. उसळ मात्र दुपारच्या जेवणात. पोट फुगत असताना ड्यूटीआधी मटकी खाऊन उगाच मला शिव्या घालाल.

वडिलांचा पार्किन्सन. पाल का चुकचुकते हे कळतं. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं तेव्हाच बद्धकोष्ठाचा उल्लेख केला होता, आणि हालचालींची लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी पोट साफ न होणं सुरू होऊ शकतं हेही खरं. २०१६ साली कॅलिफोर्नियात, कॅलटेकमध्ये, सार्किस मझमानियन यांच्या गटाने दाखवलं की पार्किन्सनसारखा आजार येईल असे जनुकबदल केलेल्या उंदरांना जंतुविरहित वाढवलं तर लक्षणं सौम्य राहतात. पण हे उलटं वाचू नका. बद्धकोष्ठ असलेल्या लाखो माणसांपैकी फारच थोड्यांना पार्किन्सन होतो, आणि बहुतेकांचा पार्किन्सन आईवडिलांकडून थेट आलेला नसतो. ३६ वर्षांची, पाळ्या बदलणारी, आठ-आठ तास पाणी प्यायला आणि बाथरूमला जायला फुरसत नसलेली बाई, तिचं पोट साफ होत नाही, याला वेगळं कारण शोधायची गरज मला दिसत नाही.

आणि आता ती साडेतीन तासांची झोप. नावं विसरणं, चिडणं, रडू येणं, पंपाचा रेट चुकता चुकता राहणं, यांपैकी प्रत्येक गोष्ट अपुऱ्या झोपेने होते. जिवाणूंना मध्ये आणायची गरजही नाही. हा भाग तुम्ही मिस्टरांना वाचून दाखवा. तुमच्या मेंदूची काळजी म्हणून बारा हजार खर्चायला निघालेला माणूस मनाने चांगला असणार. त्यांनी पाकीट मागवू नये, दीडची व्हॅन सांभाळावी. त्यांना स्वतःला त्या वेळी ऑफिस असेल तर शेजारच्या काकू, सासूबाई, किंवा पाळणाघरात दोन तास, नाइटचे दोन आठवडेच. त्या बारा हजारांतले काही पाळणाघराला द्या, काहींचे जाड पडदे शिवून घ्या. साडेनऊ ते साडेतीन सलग झोप मिळाली तर महिन्याभरात तुम्ही मला वेगळं पत्र लिहाल अशी माझी अपेक्षा आहे. उठल्यावर अर्धा तास उन्हात जा, गच्चीवर कपडे वाळत घालायला का होईना. सकाळी पेंगत स्कूटर चालवत घरी येत असाल तर नाइटपुरती रिक्षा करा, यावर वाद नको.

इन्चार्ज सिस्टरांशीही बोला, एकटीने नको, दोघी-तिघींनी मिळून. डे, मग इव्हिनिंग, मग नाइट अशी पुढे सरकणारी पाळी शरीराला उलट क्रमापेक्षा बरी झेपते, आणि नाइट संपल्यावर चोवीस तासांत पुन्हा डेला उभं करू नका, एवढंच मागा. पंपाच्या रेटचा प्रसंग सांगायची लाज वाटत असेल, पण रोस्टर बदलायला त्याहून भक्कम कारण नाही.

मन सलग दोन आठवडे उदास राहिलं, कशातच रस वाटेनासा झाला किंवा नकोनकोसे विचार आले, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी यांपैकी काही असेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवून आधी फिजिशियनकडे जा. तसं काही नसलं तरी एकदा हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची तपासणी) करून घ्या. विसरभोळेपणा, चिडचिड, बद्धकोष्ठ या तिन्हींना थायरॉइड पुरेसा असतो आणि तो एका गोळीने आटोक्यात येतो. फक्त एक करा. तुम्ही लॅबच्या शेजारीच काम करता, त्यामुळे नाइट संपताना जाता जाता हात पुढे करून सॅम्पल देऊन टाकायचा मोह होईल. ते नको. थायरॉइडच्या तपासणीत मोजतात ते टीएसएच मुळातच रात्री वर असतं आणि जागरणाने आणखी चढतं, शिवाय सोबत फास्टिंग शुगर करणार असाल तर रात्रीचा चहा प्यायलेला असताना तिला काही अर्थ उरत नाही. नाइटचा आठवडा संपू द्या, दोन रात्री नीट झोपा आणि मग ऑफच्या दिवशी सकाळी रक्त द्या.